नासामार्गातील श्वसनाचे मापन व नासाशस्त्रक्रिया

किती दाबाला किती हवा नाकातून आत-बाहेर जाते हे आकड्यांत मोजणे आणि ती वाट अडली असेल तर शस्त्रक्रियेने मोकळी करणे, या दोन गोष्टी एकत्रच समजून घ्याव्या लागतात. रुग्णाला नाक चोंदलेले वाटते, डॉक्टरांना पडदा वाकडा दिसतो आणि यंत्र एक आकडा दाखवते. रुग्ण, डॉक्टर आणि यंत्र तीन वेगळ्या गोष्टी सांगतात, असे अनेकदा घडते. शस्त्रक्रिया फसल्याच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ याच तफावतीत असते. म्हणून नाक तपासताना तक्रार ऐकणे, आत पाहणे आणि मोजणे यांपैकी एकावर विसंबून सुरी उचलू नये, हे या विषयातले सर्वांत महत्त्वाचे सूत्र होय.

‘नाकाचे हाड वाढले आहे’ हे वाक्य सोलापूरच्या कोणत्याही दवाखान्याबाहेर ऐकू येते. प्रत्यक्षात हाड वाढण्याचा प्रकार क्वचित असतो. बहुतेक वेळा दोन नाकपुड्यांमधला पडदा (सेप्टम) एका बाजूला झुकलेला असतो किंवा बाजूच्या भिंतीवरची टर्बिनेट (मऊ त्वचेने मढलेली हाडाची घडी) सुजलेली असते. पुष्कळांमध्ये दोन्ही असते. पडदा झुकला की रिकाम्या राहिलेल्या बाजूची टर्बिनेट हळूहळू मोठी होते, त्यामुळे रुग्ण नेमका रुंद बाजूचीच तक्रार घेऊन येतो, असेही दिसते.

नाकाची रचना व बदलती अवस्था : नाकपुड्यांपासून फुप्फुसांपर्यंतच्या श्वसनमार्गात हवेला जो एकूण अवरोध होतो, त्याचा सुमारे निम्मा वाटा एकट्या नाकाचा असतो. त्यातही सर्वांत अरुंद जागा नाकपुडीच्या तोंडापासून जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर आत असते. तिला व्हॉल्व्ह म्हणतात. पडदा आणि वरची कूर्चा (लवचीक, मऊ हाड) यांच्यातला तिथला कोन साधारण १० ते १५ अंशांचा असतो. इथे मिलिमीटरभर फरक पडला तरी श्वास बदलतो. मागच्या बाजूला पडदा चांगला वाकडा असूनही माणसाला पत्ता नसतो. सी.टी. स्कॅनच्या अहवालात ‘पडदा वाकडा’ असे लिहिलेले पाहून घाबरून जाण्याचे कारण नाही. पूर्ण सरळ पडदा असलेली माणसेच थोडी.

नाकाचा अवरोध दिवसभर सारखा नसतो. एका बाजूची टर्बिनेट रक्ताने फुगते तेव्हा दुसरी आकसते, आणि काही तासांनी पाळी उलटते. जर्मन वैद्य रिचर्ड कायसर यांनी १८९५ मध्ये या नासाचक्राचे वर्णन केले. आपल्याकडच्या स्वरशास्त्रात इडा (डावा स्वर) आणि पिंगला (उजवा स्वर) आळीपाळीने चालतात असे फार पूर्वीपासून सांगितले आहे. चालणारा स्वर ओळखण्याची सवय असलेल्या योगी मंडळींना हे चक्र यंत्राशिवाय ठाऊक होते. कुशीवर झोपले की खालची नाकपुडी बंद होते, जिना भरभर चढला की दोन्ही मोकळ्या होतात. मोजमाप करताना यातली प्रत्येक गोष्ट आड येते.

नाक मोकळे ‘वाटणे’ हा तर वेगळाच व्यवहार आहे. आत शिरणारी हवा श्लेष्मल त्वचेला (नाकाच्या आतल्या ओलसर अस्तराला) गार करते आणि तो गारवा मज्जातंतूंच्या टोकांवरील टीआरपीएम-८ या ग्राहींना कळतो. मेंदू त्यावरून वाट मोकळी असल्याचा निष्कर्ष काढतो. मेंथॉल याच ग्राहींना चेतवते. म्हणून बाम हुंगला की नाक उघडल्यासारखे वाटते, पण अवरोध मोजला तर तो जवळपास तेवढाच भरतो. उलट टोकाचे उदाहरण ॲट्रॉफिक ऱ्हायनायटिसचे. या आजारात टर्बिनेट झिजतात, नाकाच्या आत प्रशस्त पोकळी होते, खपल्या धरतात, दुर्गंधी येते आणि रुग्ण म्हणतो, नाक बंद आहे. गारवा जाणवून देणारी त्वचाच उरलेली नसते. या आजारावर १९६७ मध्ये यंग यांनी नाकपुडी काही काळ शिवून बंद करण्याची शस्त्रक्रिया सुचवली. नाक बंद वाटते म्हणणाऱ्याचे नाक बंद करून त्याला बरे करायचे, हे ऐकायला विपरीत वाटले तरी या विषयाचे मर्म त्यात आहे.

मापनाच्या पद्धती : सर्वांत जुनी आणि आजही ओपीडीत रोज वापरली जाणारी चाचणी म्हणजे थंड पात्याची. डच शरीरक्रियाशास्त्रज्ञ हेन्ड्रिक झ्वार्डेमाकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाकाखाली गार आरसा धरून त्यावरचे वाफेचे डाग पाहायला सुरुवात केली. आता आरशाऐवजी जीभ दाबण्याचे स्टीलचे पाते नाकपुड्यांखाली आडवे धरतात. रुग्णाने तोंड मिटून नाकाने श्वास सोडायचा. पात्यावर धुक्याचे दोन ठसे उमटतात, त्यांचा आकार ताडून पाहायचा. पाते उच्छ्वासाच्या दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला वाफेचे पाणी होते त्यापेक्षा) गार असेल तरच ठसा धरतो. नाकातून बाहेर पडणारी हवा साधारण ३२ ते ३४ अंश सेल्सिअसची असते आणि सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर जातो. तेव्हा ट्रेमध्ये पडून राहिलेले पाते तसेच उचलून नाकाखाली धरले तर दोन्ही बाजू बंद असल्याचा भास होईल. ते आधी गार पाण्यात ठेवून कोरडे पुसून घ्यावे लागते. लहान मुलांसाठी कापसाचा पुंजका नाकपुडीसमोर धरून तो हलतो का, हे पाहतात.

आकड्यांत मोजण्याची प्रमाण मानलेली पद्धत म्हणजे ऱ्हायनोमॅनोमेट्री. तिच्या प्रचलित प्रकारात एक नाकपुडी चिकटपट्टीने किंवा स्पंजाच्या बोळ्याने हवाबंद करून त्यातून बारीक नळी काढतात. बंद केलेल्या बाजूला हवा हलत नाही, त्यामुळे त्या नळीतून नाकाच्या मागच्या भागातला दाब कळतो. चेहऱ्यावर मास्क बसवतात आणि रुग्ण तोंड मिटून दुसऱ्या नाकपुडीने शांतपणे श्वास घेत राहतो. मास्कला जोडलेले यंत्र प्रवाह मोजते. मग बाजू बदलतात. यंत्राच्या पडद्यावर आडव्या ‘एस’सारखी वक्ररेषा उमटते. आंतरराष्ट्रीय समितीने १९८४ मध्ये घालून दिलेल्या रीतीप्रमाणे १५० पास्कल दाबाला प्रवाह वाचतात आणि दाबाला प्रवाहाने भागून अवरोध काढतात.

इथे एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. डाव्या बाजूचा अवरोध ०.६ आणि उजव्या बाजूचा ०.४ (पास्कल प्रति घनसेंटिमीटर प्रति सेकंद) असेल, तर १५० पास्कलला डावीकडून २५० आणि उजवीकडून ३७५, मिळून ६२५ घनसेंटिमीटर हवा दर सेकंदाला जाते. एकूण अवरोध ०.२४. आता दुसरा रुग्ण घेऊ : डावीकडे १.२, उजवीकडे ०.३. प्रवाह १२५ आणि ५००, बेरीज पुन्हा ६२५, एकूण अवरोध पुन्हा ०.२४. एकूण आकडा दोघांचाही निरोगी प्रौढात सापडतो तसाच आहे. पण दुसऱ्याच्या डाव्या नाकपुडीतून जेमतेम एक-पंचमांश हवा जाते, आणि चक्रानुसार उजवी बाजू फुगेल त्या वेळी तो रात्री तोंड उघडून उठून बसेल. म्हणून फक्त एकूण आकडा लिहिलेला अहवाल अपुरा समजावा. दोन्ही बाजू वेगवेगळ्या दाखवल्याशिवाय त्यावरून काही ठरवता येत नाही.

चाचणीचा खरा उपयोग तिच्या दुसऱ्या फेरीत आहे. पहिले मोजमाप झाल्यावर झायलोमेटॅझोलीनसारखे सूज उतरवणारे औषध नाकात टाकतात आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजतात. अवरोध बराच उतरला तर दोष सुजलेल्या त्वचेचा, म्हणजे ॲलर्जीचा किंवा सर्दीचा. त्यावर आधी स्प्रे आणि औषधे. औषधानंतरही आकडा हलला नाही तर अडथळा कूर्चा-हाडाचा, आणि तिथे शस्त्रक्रियेला अर्थ आहे. साध्या औषधाने आणि पाव तासाच्या धीराने एखाद्याची अनावश्यक शस्त्रक्रिया टळते, यापरते मोल कोणत्या तपासणीचे असेल?

चाचणीआधी रुग्णाला खोलीत सुमारे अर्धा तास शांत बसवावे लागते. उन्हातून दुचाकीवर आलेल्या, जिना चढून धापा टाकणाऱ्या माणसाचे नाक त्या क्षणी खोटे मोकळे असते. नाकाच्या पडद्याला भोक असेल किंवा एक बाजू पूर्ण बंद असेल तर ही पद्धत चालत नाही. मग दाबाची नळी तोंडातून घशाजवळ धरावी लागते आणि ते अनेकांना उमासा आल्यामुळे जमत नाही.

हिल्बर्ग आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मांडलेली अकूस्टिक ऱ्हायनोमेट्री श्वास मोजत नाही, पोकळी मोजते. नाकात ध्वनीची टिचकी सोडून परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून किती आत किती क्षेत्रफळ आहे याचा आलेख काढतात. पहिल्या पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत तो विश्वासार्ह असतो. त्याहून साधे साधन म्हणजे मास्कला लावलेला प्रवाहमापक : तोंड मिटून जोरात श्वास ओढायचा, तीनपैकी सर्वांत मोठा आकडा घ्यायचा. हे उपकरण स्वस्त, हातात मावणारे, विजेशिवाय चालणारे आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी खरे तर तेच सर्वत्र असायला हवे. फक्त दम्याच्या किंवा अशक्त रुग्णात आकडा छातीच्या ताकदीमुळेही कमी येतो, हे लक्षात ठेवावे.

तक्रारीचे मोजमाप प्रश्नावलीने होते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘नोज’ प्रश्नावलीत चोंदणे, अडणे, श्वास घ्यायला त्रास, झोपेचा त्रास आणि श्रमाच्या वेळी हवा कमी पडणे असे पाच प्रश्न असतात. प्रत्येकाला ० ते ४ गुण, बेरजेला ५ ने गुणून १०० पैकी आकडा मिळतो. सोलापुरात एकाच रांगेत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारे रुग्ण बसलेले असतात. प्रश्न रुग्णाच्या बोलीत विचारला नाही तर हा आकडा पोकळ ठरतो.

सोलापूर परिसरातील संदर्भ : हे शहर कोरड्या, उष्ण पट्ट्यातले. चादरी आणि टॉवेलचे यंत्रमाग, घरोघरी चालणारे विडीकाम, जिल्ह्यातल्या रब्बी ज्वारीची मळणी, रस्त्याकडेचे गाजरगवत, यांतले प्रत्येक नाकाला त्रास देणारे. मागाच्या शेडमध्ये संध्याकाळी दिव्याच्या तारेवर, खिडकीच्या गजांवर आणि कामगाराच्या भुवयांवर सुताची पांढरी लव बसलेली असते. तीच नाकातही जाते. विडी वळणाऱ्या बायकांच्या सुपातली तंबाखूची भुकटी दिवसभर श्वासावाटे जाते. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या शहरांच्या यादीतही सोलापूर आहे. अशा ठिकाणी चोंदलेल्या नाकाचे कारण पडद्यापेक्षा धुळीत शोधणे आधी योग्य. पडदा सरळ केला आणि माणूस पुन्हा त्याच शेडमध्ये तोंडाला रुमालही न बांधता उभा राहिला, तर टर्बिनेट पुन्हा सुजणार.

यातच मेडिकलमधून परस्पर आणलेल्या, सूज उतरवणाऱ्या ड्रॉपची भर पडते. आठवडाभरापेक्षा जास्त दिवस हे थेंब टाकत राहिले की औषध उतरताच सूज दुपटीने येते आणि माणूस त्या बाटलीचा बांधील होतो. वर्षानुवर्षे उशाशी ड्रॉप ठेवून झोपणाऱ्यांना हा आजार औषधामुळेच झाला आहे, हे कुणी समजावून सांगितलेले नसते. त्यांचे मोजमाप थेंब पूर्ण थांबवून काही आठवड्यांनीच करावे.

शहरातील डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासूनचे असून त्याला जोडलेल्या सर्वोपचार रुग्णालयात, लोकांच्या तोंडी ‘सिव्हिल’मध्ये, जिल्ह्यासह धाराशिव आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही रुग्ण येतात.

शस्त्रक्रिया : नाकाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास आपल्या मुलखाशी जोडलेला आहे, पण तो रूपाचा इतिहास आहे. टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाला पुण्याच्या परिसरात कपाळाच्या कातडीचे नवे नाक बसवल्याची हकिकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगेझिन’मध्ये छापून आली आणि १८१४ मध्ये शस्त्रवैद्य कार्प्यू यांनी तिथे तशीच शस्त्रक्रिया केली. श्वासासाठीची शस्त्रक्रिया यायला आणखी शतक गेले. फ्रीअर यांनी १९०२ मध्ये आणि किलियन यांनी १९०४ मध्ये पडद्याचा वाकडा भाग आवरण सोडवून काढून टाकण्याची पद्धत रूढ केली. तिच्यात कूर्चा फार काढली जाई आणि नाकाचा दांडा बसण्याचा धोका असे. शिकागोचे मॉरिस कॉटल यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास कूर्चा शक्य तेवढी राखून सरळ करण्यावर भर दिला. आजची सेप्टोप्लास्टी त्या वाटेने आली. छेद नाकाच्या आतून असतो, बाहेर व्रण राहत नाही. वरच्या आणि पुढच्या कडेला निदान सेंटिमीटरभर रुंद कूर्चेची चौकट शाबूत ठेवतात, कारण नाकाचा आधार तीच असते.

ही शस्त्रक्रिया कामाची आहे का, याचे उत्तर आता बऱ्यापैकी पक्के आहे. नेदरलँड्समधील २०३ प्रौढांवरील चाचणी २०१९ मध्ये आणि ब्रिटनमधील ३७८ प्रौढांवरील चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्हींत योग्य निवडलेल्या रुग्णांना औषधोपचारापेक्षा सेप्टोप्लास्टीचा फायदा अधिक झाला. ‘योग्य निवडलेल्या’ हे शब्द सोडून हा निष्कर्ष कुणी वाचू नये.

टर्बिनेट लहान करताना हात आखडता घ्यावा. रेडिओलहरींनी किंवा आवरणाखालून आतला भाग कमी करतात. पूर्ण टर्बिनेट छाटल्यास आकडा उत्तम येतो, पण रुग्ण आयुष्यभर गुदमरत राहण्याची भीती असते. व्हॉल्व्ह कोसळत असेल तर पडदा कितीही सरळ केला तरी भागत नाही. गालाची कातडी बाजूला ओढल्यावर श्वास लगेच मोकळा झाला तर तो संशय घ्यावा. तिथे कूर्चेच्या पट्ट्या बसवाव्या लागतात.

रक्तस्राव, पडद्यात रक्त साठणे, भोक पडणे हे संभाव्य धोके आहेत. पहिले काही दिवस नाकातल्या पॅकमुळे किंवा सुजेमुळे नाक आधीपेक्षा जास्त बंद असते, याची कल्पना घरच्यांना आधीच द्यावी. पुढचे काही आठवडे खपल्या धरतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात त्या अधिक घट्ट होतात, म्हणून मिठाच्या पाण्याने दिवसातून अनेकदा नाक धुणे इथे औषधाइतकेच आवश्यक. पाणी उकळून गार केलेलेच हवे. मागावर किंवा मळणीवर परतण्याची घाई करू नये. दुसरे मोजमाप तीन ते सहा महिन्यांनी, सूज पूर्ण ओसरल्यावर, पहिल्यासारख्याच पद्धतीने घ्यावे : आधी विश्रांती, मग थेंबांपूर्वी एकदा आणि थेंबांनंतर एकदा, दोन्ही नाकपुड्या वेगवेगळ्या, आणि सोबत तीच पाच प्रश्नांची प्रश्नावली.