मनाचं दुखणं कोणाच्या घरचं? जपानमधल्या मानसिक उपचारांची पार्श्वभूमी

१९१० ते १९१६ या काळात तोक्यो इम्पीरियल विद्यापीठातले काही तरुण डॉक्टर उन्हाळ्याच्या सुट्टीत जपानच्या खेड्यापाड्यांत हिंडत होते. एखाद्या घराच्या मागच्या अंगाला, कधी गोठ्याला लागून, तर कधी घरातच एका कोपऱ्यात त्यांना लाकडी गजांची कोठडी दिसायची. आत माणूस असायचा. डॉक्टर कोठडीची मापं घ्यायचे, नकाशा काढायचे, फोटो घ्यायचे. उजेड येतो का, शौचाची सोय काय, जेवण कुठून सरकवतात, सगळं टिपून घ्यायचे. १५ प्रांतांत मिळून साडेतीनशेहून अधिक कोठड्यांची अशी पाहणी झाली.

त्यांना पाठवणारे होते मनोविकारशास्त्राचे प्राध्यापक कुरे शूझो. युरोपात शिकून १९०१ मध्ये परतल्यावर त्यांनी तोक्योच्या सुगामो रुग्णालयात रुग्णांना बेड्या आणि पट्टे घालणं बंद केलं होतं. १९१८ मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी काशिदा गोरो यांनी ही पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यातलं एक वाक्य जपानमधल्या मनोविकारतज्ज्ञांना आजही पाठ असतं: आपल्या देशातल्या लाखाहून अधिक मनोरुग्णांच्या वाट्याला हा आजार जडल्याचं दुर्दैव तर आहेच, शिवाय या देशात जन्मल्याचं दुर्दैवही आहे. सरकारी विद्यापीठातल्या प्राध्यापकाने हे त्या काळात छापून आणलं, याचं मला दर वेळी नव्याने नवल वाटतं.

या कोठड्या चोरून बांधलेल्या नव्हत्या. कायद्यानेच त्यांना परवानगी दिली होती. आज जपानमधल्या नैराश्याबद्दल, कामाच्या ताणाबद्दल आपण जे वाचतो, त्याची मुळं मला या कोठडीपाशी सापडतात. मन बिघडलं तर ते कोणी सांभाळायचं, घराने, रुग्णालयाने की ज्याच्यासाठी माणूस राबतो त्या कंपनीने, हा जपानमधला जुना वाद आहे आणि तो अजून मिटलेला नाही.

कोठडीला लोक ‘झाशिकीरो’ म्हणत. झाशिकी म्हणजे पाहुण्यांना बसवायची चटयांची खोली आणि रो म्हणजे तुरुंग. ही पद्धत जुनी होती, पण तिला सरकारी शिक्का बसला तो १९०० च्या मनोरुग्ण देखरेख कायद्याने. कायदा येण्यामागे एक खळबळजनक प्रकरण होतं. नाकामुरा जहागिरीचे शेवटचे अधिपती सोमा तोमोताने यांना वेडे ठरवून डांबून ठेवण्यात आलं होतं. घरातल्याच लोकांनी मालमत्तेसाठी हे कारस्थान रचलं, असा आरोप निशिगोरी ताकेकियो या त्यांच्या जुन्या सेवकाने केला आणि १८८७ मध्ये तर त्यांना रुग्णालयातून पळवून बाहेर काढलं. सोमा १८९२ मध्ये वारले. विषप्रयोगाच्या संशयावरून पुढच्या वर्षी थडगं उकरलं गेलं, पण विष सापडलं नाही आणि निशिगोरीलाच शिक्षा झाली. वर्तमानपत्रांनी मात्र हे प्रकरण घरोघरी पोहोचवलं होतं. कुणालाही वेडा ठरवून कोंडता येतं, ही भीती लोकांच्या मनात बसली. त्यातच १८९९ पासून परदेशी लोकांना जपानमध्ये कुठेही राहायची मुभा मिळाली आणि रस्त्यावर भटकणारे मनोरुग्ण सरकारला लाजिरवाणे वाटू लागले.

नव्या कायद्याने कुटुंबातल्या एका माणसावर देखरेखीची जबाबदारी टाकली. पोलिसांची परवानगी घेऊन त्याने रुग्णाला घरी कोंडून ठेवावं, असं ठरलं. उपचाराबद्दल कायदा जवळजवळ गप्प होता. दोनच वर्षांपूर्वी, १८९८ च्या नागरी संहितेने घराण्याला आणि त्याच्या कर्त्या पुरुषाला समाजरचनेच्या मध्यभागी बसवलं होतं. त्यामुळे घरातलं दुखणं घराच्याच पदरात पडलं. चारचौघांत आपल्या घराण्याची जी अब्रू असते, तिला जपानी माणूस ‘सेकेनतेई’ म्हणतो. मराठी घरातल्या ‘लोक काय म्हणतील’ला याहून जवळचा शब्द मला सापडलेला नाही. कोठडीच्या गजांइतकीच ही सेकेनतेईही बळकट होती.

याहून वेगळी वाटही जपानमध्ये होती. क्योतोच्या उत्तरेला इवाकुरा गावात दाइउनजी नावाचं मंदिर आहे. अकराव्या शतकात सम्राटाची मुलगी तिथल्या पाण्याने बरी झाली, अशी आख्यायिका. पुढे दूरदूरहून मनोरुग्ण तिथे येऊ लागले आणि गावकरी त्यांना आपल्या घरी ठेवून घेऊ लागले. रुग्ण गावात मोकळे वावरत. परक्यांनी परक्यांना सांभाळायची ही रीत कायद्याच्या आणि मोठ्या रुग्णालयांच्या काळात हळूहळू मागे पडली.

शहरातल्या शिकलेल्या माणसाच्या मनाचं दुखणं मात्र या सगळ्यापासून वेगळं मानलं जायचं. त्याला ‘शिनकेई सुइजाकू’, म्हणजे मज्जातंतूंचा अशक्तपणा म्हणत. अमेरिकेतून आलेलं हे निदान मेइजी काळाच्या (१८६८ ते १९१२) अखेरीस इतकं पसरलं की लेखक, विद्यार्थी, कारकून सगळ्यांनाच ते होऊ लागलं. वेड म्हटलं की घराण्याला डाग लागायचा. मज्जातंतू थकले म्हटलं की तो बुद्धीचा आणि कष्टांचा पुरावा ठरायचा. दुखण्याचं नाव बदललं की दुखणेकऱ्याची जागाही बदलते, हे जपानने तेव्हाच पाहून घेतलं होतं.

कुरे यांचे विद्यार्थी मोरिता मासाताके याच दुखण्यातून गेलेले. विद्यार्थी असताना छातीत धडधड, परीक्षेची धास्ती, औषधांवर औषधं असं चालू होतं. घरून पैसे यायचे थांबले तेव्हा, आता मेलो तरी बेहत्तर, म्हणून त्यांनी औषधं फेकून दिली आणि झपाटल्यासारखा अभ्यास केला. परीक्षा चांगली गेली आणि धडधडही कुठल्या कुठे गेली. या अनुभवातून पुढे त्यांनी १९१९ च्या सुमारास आपली उपचारपद्धती बसवली. पहिला आठवडाभर रुग्णाने एकट्याने नुसतं पडून राहायचं. वाचन नाही, गप्पा नाहीत. मग हलकी कामं, मग अंगमेहनतीची कामं आणि शेवटी पुन्हा रोजच्या व्यवहारात. भीती घालवायच्या मागे लागू नका, ती जशी आहे तशी असू द्या आणि हातातलं काम करा, ही त्यांची शिकवण. ‘आरुगामामा’, जसं आहे तसं, हा त्यातला कळीचा शब्द. हे उपचार मोरितांच्या राहत्या घरात चालत. रुग्ण त्यांच्या कुटुंबाबरोबर राहत, झाडलोट करत, स्वयंपाकाला हात लावत. एकीकडे घरातल्या कोठड्या आणि दुसरीकडे घरच औषध, अशी दोन्ही घरं त्या काळात एकाच देशात होती.

घरी कोंडून ठेवणं बेकायदा ठरायला १९५० उजाडलं. अमेरिकेच्या ताब्यातल्या ओकिनावात तर ते १९७२ पर्यंत चाललं. कोठड्यांतून सुटलेली माणसं गेली कुठे? दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा मनोरुग्णांसाठी देशभरात जेमतेम ४ हजार खाटा उरल्या होत्या. १९५८ मध्ये सरकारने परिपत्रक काढलं: सर्वसाधारण रुग्णालयात १६ रुग्णांमागे १ डॉक्टर हवा, मनोरुग्णालयात मात्र ४८ रुग्णांमागे १ चालेल. १९६० पासून खासगी रुग्णालयांना कमी व्याजाने सरकारी कर्ज मिळू लागलं. डॉक्टर कमी, खर्च कमी आणि खाट कायम भरलेली, असा हा हिशेब होता. १९५५ मध्ये ४४ हजारांच्या घरात असलेल्या खाटा १९९० च्या दशकात साडेतीन लाखांच्या पुढे गेल्या. इटली, अमेरिका, ब्रिटन मोठी मनोरुग्णालयं रिकामी करत होते, नेमक्या त्याच काळात जपान ती बांधत होता. त्यातली बहुतेक खासगी असल्यामुळे सरकारला ती नुसत्या आदेशाने बंदही करता येत नव्हती.

मार्च १९६४ मध्ये अमेरिकेचे राजदूत एडविन रायशॉवर यांच्यावर एका १९ वर्षांच्या मनोरुग्ण तरुणाने चाकूहल्ला केला. बाह्योपचार, म्हणजे दाखल न करता केलेले उपचार, आणि आरोग्य केंद्रं वाढवायची चर्चा तेव्हा सुरू झाली होती. हल्ल्यानंतर ‘यांना मोकळं का सोडता’ असा ओरडा झाला. १९६५ च्या दुरुस्तीत दोन्ही गोष्टी आल्या, बाह्योपचारांच्या खर्चाला सरकारी मदत आणि सक्तीने दाखल करण्याची आणखी एक वाट. १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचे सल्लागार डेव्हिड क्लार्क यांनी बजावलं की रुग्णालयांत माणसं साठत चालली आहेत आणि ती तिथेच म्हातारी होतील. अहवाल बासनात गेला. १९८४ मध्ये उत्सुनोमिया इथल्या रुग्णालयात कर्मचाऱ्यांच्या मारहाणीनंतर रुग्ण दगावल्याचं उघड झालं आणि प्रकरण आंतरराष्ट्रीय पातळीवर गेलं. मग १९८७ च्या कायद्यात ‘स्वेच्छेने दाखल होणं’ हा प्रकार पहिल्यांदा आला. तोवर कायद्याच्या भाषेत मनोरुग्णाला स्वतःची इच्छा असते, हेच कुठे लिहिलेलं नव्हतं.

या सगळ्या इतिहासात नैराश्य कुठे होतं? जवळजवळ अदृश्य. ‘उत्सुब्यो’ हा शब्द होता, पण तो रुग्णालयातल्या गंभीर आजारासाठी. त्यातलं ‘उत्सु’ हे चित्राक्षर २९ रेघांचं आहे आणि रोजच्या वापराच्या अधिकृत यादीत ते २०१० मध्ये आलं. साधं खिन्न, थकलेलं असणं हा आजार मानला जात नव्हता. ज्यांना मदत हवी असे, ते मनोविकार विभागाची पाटी टाळून ‘शिनर्यो नाइका’त, म्हणजे मनाच्या ताणातून येणाऱ्या शारीरिक तक्रारींच्या विभागात जात. तिथे झोप, डोकं, पोट यांच्या तक्रारी सांगायची सोय होती.

क्युशू विद्यापीठाचे शिमोदा मित्सुझो यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच एक निरीक्षण नोंदवलं होतं: नैराश्य जडतं ते बहुधा कामसू, काटेकोर, जबाबदारी अंगावर घेणाऱ्या, एकदा हाती घेतलेलं सोडू न शकणाऱ्या माणसाला. हे वर्णन जपानी मनोविकारशास्त्राने उचलून धरलं. त्यात एक पेच होता. आजाराचं मूळ माणसाच्या स्वभावात असेल, तर त्याला राबवणारा सुटतो. आणि स्वभावाचं हे वर्णन तर कंपन्यांना हव्या असलेल्या आदर्श नोकराचंच होतं.

हा पेच न्यायालयात सुटला. १९९१ मध्ये देन्त्सू या जाहिरात कंपनीतल्या २४ वर्षांच्या तरुणाने आत्महत्या केली. महिनोन्‌महिने तो रात्र रात्र काम करत होता. आईवडिलांनी दावा लावला. उच्च न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरलं, पण भरपाई तीस टक्के कापली. कारणं दोन: मुलाचा काटेकोर स्वभाव, आणि एका घरात राहूनही आईवडिलांनी काही केलं नाही हे. १९०० च्या कायद्याचा आवाज मला इथे ऐकू येतो. २४ मार्च २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही कपात रद्द केली. असा स्वभाव काम करणाऱ्या माणसांत नेहमीच आढळतो, कंपनीने तो धरूनच चालायला हवं, आणि कामाच्या अटी बदलणं आईवडिलांच्या हातात नव्हतं, असं न्यायालयाने म्हटलं. पुढे सुमारे १६ कोटी ८० लाख येन देऊन तडजोड झाली. मला हा निकाल जपानच्या मानसिक आरोग्याच्या इतिहासातला सगळ्यात मोठा क्षण वाटतो. मनाचं दुखणं पहिल्यांदाच घराबाहेर, त्याच्या खऱ्या कारणापाशी नेऊन ठेवलं गेलं.

काळही तसाच होता. नोव्हेंबर १९९७ मध्ये होक्काइदो ताकुशोकू बँक आणि यामाइची सिक्युरिटीज कोसळल्या. त्या वर्षी देशात २४,३९१ आत्महत्या झाल्या होत्या, पुढच्या वर्षी ३२,८६३. तेव्हापासून २०११ पर्यंत एकही वर्ष ३० हजारांखाली आलं नाही. याच सुमारास, १९९९ मध्ये, नव्या पिढीतलं पहिलं नैराश्यविरोधी औषध जपानमध्ये विक्रीला आलं आणि जाहिरातींतून, मासिकांतून एक शब्दप्रयोग सगळीकडे पोहोचला: ‘कोकोरो नो काझे’, मनाचं पडसं. कुणालाही होतं, लाजायचं कारण नाही, डॉक्टरकडे जा. दवाखान्याची पायरी चढायला घाबरणाऱ्या हजारोंना या दोन शब्दांनी धीर दिला. पण पडसं चार दिवसांत आपोआप जातं, नैराश्य तसं जाईलच असं नाही, आणि पडशासाठी कुणी कामाचे तास कमी करत नाही. न्यायालयाने जे कंपनीच्या दारात नेलं होतं, ते या शब्दाने पुन्हा औषधाच्या गोळीत बसवलं. आरोग्य मंत्रालयाच्या पाहणीत मनःस्थितीच्या विकारांचे रुग्ण १९९९ मध्ये ४ लाख ४१ हजार होते, २००८ मध्ये ते १० लाख ४१ हजार झाले. आजार वाढला, तो बोलला जाऊ लागला की औषध खपू लागलं, तिन्ही गोष्टी या आकड्यात मिसळल्या आहेत.

२००६ मध्ये आत्महत्या प्रतिबंधाचा कायदा झाला आणि आत्महत्येकडे व्यक्तीपुरतं न पाहता समाजाचा प्रश्न म्हणून पाहायचं धोरण ठरलं. कर्जबाजारीपणा, बेकारी, एकटेपणा यांवर स्थानिक पातळीवर काम सुरू झालं आणि २०१२ मध्ये आकडा ३० हजारांखाली आला. २०१५ च्या डिसेंबरपासून ५० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी दर वर्षी ताणाची तपासणी सक्तीची झाली. त्याच महिन्यात देन्त्सूमधल्याच आणखी एका २४ वर्षांच्या कर्मचारी तरुणीचा जीव गेला. कामामुळे जडलेला मनोविकार म्हणून सरकारी भरपाई मंजूर झालेली प्रकरणं २०२४ च्या आर्थिक वर्षात पहिल्यांदाच हजारापलीकडे, १,०५५ वर गेली.

होक्काइदोच्या किनाऱ्यावर उराकावा नावाचं मासेमारीचं गाव आहे. तिथे १९८४ पासून ‘बेतेरु नो इए’ या घरात मनोरुग्णालयातून बाहेर पडलेली माणसं एकत्र राहतात. कोम्बू हे समुद्री शेवाळ पाकिटबंद करून विकण्यापासून त्यांनी सुरुवात केली. २००१ पासून ते आपल्या आजाराचा अभ्यासही स्वतःच करतात. आवाज कधी ऐकू येतात, तेव्हा काय केल्याने बरं वाटतं, याची मांडणी फळ्यावर, सगळ्यांसमोर होते. इवाकुराची आठवण करून देणारं हे घर आता देशोदेशीचे लोक पाहायला येतात.

पण मनोरुग्णालयांत अजून अडीच लाखांच्या आसपास माणसं आहेत, आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षापेक्षा अधिक काळ. कुटुंबावरची पालकत्वाची कायदेशीर जबाबदारी २०१४ मध्ये संपली. रुग्णाच्या मर्जीविरुद्ध त्याला दाखल करताना घरच्यांची संमती मात्र आजही बहुतेक वेळा लागते. सक्तीने दाखल करणं थांबवा, असं संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २०२२ मध्ये सुचवलं. एप्रिल २०२४ पासून अशा भरतीला मुदत घातली गेली आणि घरच्यांनी मत द्यायला नकार दिला तर महापौर संमती देऊ शकतो, अशी तरतूद झाली. संमतीच्या फॉर्मवरची घरच्या माणसाच्या नावाची ओळ तशीच आहे.