छत्तीस हजार किलोमीटर आणि शेवटचे वीस मीटर

टीव्हीचा उपग्रह विषुववृत्ताच्या बरोबर वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर फिरतो. तिथे एका फेरीला २३ तास ५६ मिनिटं लागतात, म्हणजे पृथ्वीला स्वतःभोवती फिरायला लागतात तेवढीच. म्हणून तो आपल्या डोक्यावर एका जागी खिळल्यासारखा राहतो आणि डिश एकदा नीट बसवली की पुन्हा फिरवावी लागत नाही.

जमिनीवरचं प्रक्षेपण केंद्र, म्हणजे भूकेंद्र, साधारण १४ गिगाहर्ट्झवर कार्यक्रम वर पाठवतं. उपग्रहातला ट्रान्सपॉन्डर तो ११-१२ गिगाहर्ट्झवर आणतो, वाढवतो आणि खाली सोडतो. त्याची शक्ती असते शंभरेक वॅट, आणि ती अख्ख्या देशावर पसरते. ६० सेंटिमीटरच्या डिशच्या वाट्याला काय येतं? एका वॅटचे लाख कोटी भाग केले, तर त्यातले जेमतेम दोन-चार! घरातली पुढची सगळी यंत्रणा आहे ती एवढ्याशा सिग्नलला जपण्यासाठी.

डिश जवळजवळ उभी दिसते, पण ती मोठ्या पॅराबोलाच्या (वाडग्यासारख्या वक्र आकाराच्या) बाजूचा तुकडा असल्यामुळे दिसते त्यापेक्षा वीसेक अंश वर बघत असते. समोर सगळं मोकळं असूनही सिग्नल येत नसेल, तर आधी वरच्या फांद्या बघाव्यात. खांबाचा बोल्ट सैल होऊन डिशची वरची कडा खालच्या कडेच्या मानाने दीड सेंटिमीटर कलली, तरी सिग्नल निम्म्यावर येतो.

डिशसमोरच्या दांड्याच्या टोकाला असतो एलएनबी, म्हणजे डिशने गोळा केलेला सिग्नल पकडणारा छोटा डबा. माझ्या मते साखळीतला सर्वांत मोलाचा भाग हाच. तो सिग्नल वाढवतो आणि ९५० ते २१५० मेगाहर्ट्झवर उतरवतो, कारण १२ गिगाहर्ट्झच्या लहरी साध्या केबलमध्ये काही मीटरांतच विरून जातात. त्याला वीज त्याच केबलमधून सेट-टॉप बॉक्सच पुरवतो: १३ व्होल्ट दिले की उभ्या ध्रुवणाच्या (ध्रुवण म्हणजे लहर उभी हलते की आडवी) वाहिन्या, १८ दिले की आडव्या. एका ध्रुवणाच्या सगळ्या वाहिन्या गायब आणि बाकीच्या ठणठणीत असतील, तर डिशला हात लावू नये. बहुतेक वेळा लांब किंवा गंजलेल्या केबलमध्ये व्होल्टेज पडलेलं असतं.

मुसळधार पावसात थेंब लहरी शोषतात आणि विखुरतात. सेट-टॉप बॉक्समधली चूक-दुरुस्तीची गणितं चित्र बराच वेळ सावरून धरतात, मग मर्यादा ओलांडली की चित्राचे चौकोनी तुकडे होतात आणि एकदम पडदा काळा होतो. पाऊस ओसरला की चित्र आपोआप परत येतं.

पाऊस थांबूनही चित्र येत नसेल, तर एलएनबीजवळचा कनेक्टर उघडून पाहावा. तांब्याची तार हिरवी-काळी पडली असेल, तर पाणी आत गेलंय. ते टोक कापून नवा कनेक्टर बसवावा. केबलमधल्या बाहेरच्या धातूच्या जाळीचा एकही केस मधल्या तारेला टेकू देऊ नये, नाहीतर शॉर्ट होऊन एलएनबीची वीजच बंद होते. वरून रबराची टोपी घालावी, आणि केबलला कनेक्टरच्या खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं.