माउलवुर्फचा विग्रह करा

शाळेत समासाचा विग्रह करायचो ना, जर्मन शिकताना तेच रोज करावं लागतं. हांडशू म्हणजे हात आणि बूट, हाताचा बूट, म्हणजे हातमोजा. सोप्पं! असे दहा-बारा शब्द फोडले की माणूस जरा शेफारतो आणि मग त्याला माउलवुर्फ भेटतो.

माउल म्हणजे जनावराचं तोंड, वुर्फ म्हणजे फेक. तोंडाने फेकणारा? हे नाव आहे युरोपातल्या मोल नावाच्या प्राण्याचं, दिसायला थोडा चिचुंद्रीसारखा, काळा मखमली, जमिनीखाली बोगदे काढत वर मातीचे ढिगारे टाकत जाणारा. पण हा गडी खणतो पुढच्या पंजांनी, फावड्यासारखे रुंद, बाहेरच्या बाजूला वळलेले पंजे. तोंडाचा काय संबंध? जर्मन लोकांनी नीट बघितलंच नव्हतं की काय?

बघितलं होतं. हजारेक वर्षांपूर्वी शब्द होता मूवेर्फ, मू म्हणजे ढीग, ढीग टाकणारा, एकदम करेक्ट. पुढे मू बोलण्यातून गेला, लोकांना तो तुकडा कळेना, मग तिथे मोल्ट येऊन बसला, म्हणजे माती. मोल्टवेर्फ, माती फेकणारा, हेही बरोबरच (मध्ययुगीन इंग्रजीतला मोल्डवार्प याचाच भाऊ). मग मोल्टही लोक विसरले आणि कानाला जवळचा वाटला तो मूल, तोंड. त्यात मध्ययुग संपता संपता जर्मनमधला लांब ऊ बऱ्याच शब्दांत आउ झाला, हूसचं हाउस झालं, मूसचं माउस झालं (हो, उंदीरच, आपल्या मूषकाचा लांबचा नातेवाईक), तसं मूलचं माउल.

याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. मला तरी यात अडाणीपणा दिसत नाही, उलट अर्थ न लागणारा तुकडा तोंडात घोळवत बसायला कुणालाच आवडत नाही, मग जो अर्थ हाताशी असेल तो चिकटवून टाकायचा.

आणि हेंगेमाटे तर कहरच. फोडलं तर टांगायची चटई, हॅमकला इतकं फिट नाव की शंकाच येत नाही. पण मुळात हा कॅरिबियन बेटांवरच्या टाइनो लोकांचा हमाका, तो स्पॅनिश लोकांनी उचलला, फिरत फिरत डचांकडे आला, त्यांनी त्यात टांगणं आणि चटई ऐकली आणि हांगमाट केलं, जर्मनांनी तेच आपल्या वळणावर नेलं. म्हणजे विग्रह पाठ, पण समास कधी झालाच नव्हता!