पांढरा झेंडा म्हणजे शेवटची फेरी?

मोटोजीपी या मोटरसायकल शर्यतींबद्दल ‘मार्शलने (ट्रॅकवरच्या अधिकाऱ्याने) पांढरा झेंडा हलवला की शेवटची फेरी’, असं अनेकदा फॉरवर्ड होतं. अमेरिकेतल्या कार शर्यतींत ते खरंच आहे, त्यामुळे गल्लत होणं साहजिक. मोटोजीपीत मात्र हलता पांढरा झेंडा म्हणजे हवामान बदललंय, पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या संघांच्या जागेत) जाऊन दुसरी, वेगळ्या टायरची बाइक घेण्याची मुभा. सक्ती नाही, कधी बदलायची हे रायडर ठरवतो. तिरकी लाल फुली असलेला पांढरा झेंडा वेगळा: ट्रॅकच्या त्या भागात पावसाचे थेंब पडताहेत. सोबत पिवळ्या-लाल पट्ट्यांचा झेंडाही दिसला, तर पाऊसच. (नुसता पट्ट्यांचा झेंडा म्हणजे पावसाशिवाय अन्य कारणाने, बहुधा तेलाने, ट्रॅकवर टायरची पकड कमी.) पडताळायचंय? 2006ची ऑस्ट्रेलियातल्या फिलिप आयलंडची मोटोजीपी शर्यत बघा: पांढऱ्या झेंड्यानंतर बाइक मध्येच बदलल्या, फेऱ्या बऱ्याच उरल्या होत्या.