काळी मेंदी काळी कशी?

मेंदीच्या पानात काळा रंग नसतोच. त्यातलं लॉसोन हे रंगद्रव्य त्वचेतल्या नि केसांतल्या केराटिन या प्रथिनाला धरून बसतं आणि रंग देतं तो केशरी, फार तर विटकरी. तोही सावकाश. मग दहा-वीस रुपयांच्या पुडीतली ‘काळी मेंदी’ तासाभरात केस कोळशासारखे करते ती कशाच्या जोरावर? पुडी उलटी करून बारीक अक्षरं वाचा: पॅरा-फेनिलिनडायअमिन, थोडक्यात पीपीडी. दुकानातल्या बहुतेक काळ्या कलपांचा जीव याच रसायनात असतो, पुढे पानांचं चित्र छापलेलं असो वा नसो.

डायची ट्यूब वाटीत पिळली की पांढरट क्रीम येतं. डेव्हलपर, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, घालून ब्रश फिरवा. थोड्याच वेळात कडा तपकिरी, मग जांभळट-काळ्या होऊ लागतात. हेच केसाच्या आत होतं. पीपीडीचा रेणू अगदी लहान, रेणुभार फक्त 108. तो केसाच्या खवल्यांमधून आत शिरतो, तिथे ऑक्सिडेशन होऊन असे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि तयार झालेला मोठा रंगीत रेणू आतच अडकतो. म्हणून शाम्पूने कलप जात नाही.

पण जो केसात शिरतो तो त्वचेतही शिरतो. आत गेल्यावर तो आपल्याच प्रथिनांना चिकटतो आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या जोडीला परकी समजून लक्षात ठेवते. बऱ्याच जणांच्या बाबतीत हे कधीच घडत नाही. ज्यांच्यात घडतं त्यांना त्या वेळी काहीच जाणवत नाही, आणि खरी अडचण तीच.

माझी मावशी म्हणायची, “दहा वर्षं लावतेय, मला कुठे काय होतंय!” अकराव्या वर्षी कलप लावल्याच्या दुसऱ्या दिवशी कानाच्या पाळ्या खाजू लागल्या, तिसऱ्या दिवशी सकाळी पापण्या सुजून डोळे उघडेनात. कलप डोक्याला आणि सूज डोळ्यांना, कारण पापण्यांची त्वचा फार पातळ. ही अ‍ॅलर्जी सहसा जन्मभर राहते. वर दातदुखीच्या जेलमधलं बेंझोकेन किंवा कपड्यांचे काही गडद रंगही अशांना बाधू शकतात.

आपल्याकडे अशा कलपाच्या पाकिटावर ‘भुवया-पापण्यांना लावू नये, अंधत्व येऊ शकतं’ असं छापावं लागतं. हा बागुलबुवा नव्हे. 1930च्या दशकात अमेरिकेत ‘लॅश ल्यूर’ या पापण्यांच्या रंगाने एका बाईची दृष्टी गेली, दुसरीचा जीव गेला. 1938 साली तिथे सौंदर्यप्रसाधनं कायद्याखाली आली. गंमत म्हणजे केसांच्या कोलटार कलपांना, म्हणजे पीपीडीसारख्या मूळच्या डांबरी रसायनांपासून बनणाऱ्या कलपांना, त्याच कायद्याने सूट दिली. अट एवढीच की इशारा छापा. युरोपात केसांवर प्रत्यक्ष लागणाऱ्या मिश्रणात पीपीडी 2 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, थेट त्वचेवर तर अजिबात नाही. पर्यटनस्थळी हातावर काढून मिळणाऱ्या काळ्या मेंदीच्या टॅटूत मात्र हे प्रमाण कोण मोजणार? लहानपणी असा टॅटू काढलेल्या मुलांना पुढे पहिल्याच हेअर डायने गाठल्याची उदाहरणं आहेत.

चाचणी साधी आहे: कानामागे किंवा कोपराच्या आत थेंबभर लावून 48 तास थांबायचं, आणि तेही दर वेळी. मावशीने ती सूचना पूर्वी एकदा वाचली होती. “उद्या लग्न आणि हे म्हणतात परवापर्यंत थांबा,” म्हणत तिने वाटीत ब्रश बुडवला होता.