आधी पाय दारात, मग अख्खा माणूस घरात : 'फुट इन द डोअर'मागचं सायन्स

इंग्रजीत 'फुट इन द डोअर' असा एक वाक्प्रचार सारखा कानावर पडतो. चित्र आहे दारोदार फिरणाऱ्या सेल्समनचं. घरमालकाने दार जरासं उघडलं की हा फटीत पाय घालणार म्हणजे दार लागतच नाही आणि बोलणं सुरू ठेवता येतं. आता हा वाक्प्रचार दोन अर्थांनी वापरतात, एक म्हणजे एखाद्या कंपनीत किंवा फील्डमध्ये छोटीशी का होईना पण एन्ट्री मिळणं, इंटर्नशिप वगैरे, आणि दुसरा म्हणजे आधी छोटी गोष्ट मागून मग मोठी गळ्यात मारणं. आपल्याकडे चंचुप्रवेश आणि मग मुसळप्रवेश म्हणतो ना, ते या दुसऱ्या अर्थाच्या अगदी जवळचं. आणि या दुसऱ्या अर्थावर सायकॉलॉजीत खरोखरचे प्रयोग झालेत, ते भन्नाट आहेत.

1966 मध्ये जोनाथन फ्रीडमन आणि स्कॉट फ्रेझर या स्टॅनफर्डच्या दोघांनी कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोमधल्या गृहिणींना फोन केले. ग्राहकांच्या एका गटाकडून बोलतोय म्हणाले, तुम्ही घरात कुठला साबण वापरता वगैरे आठ साधे प्रश्न विचारले, थँक्यू म्हणून फोन ठेवला. तीन दिवसांनी परत फोन, आणि आता मागणी काय तर आमची पाच-सहा माणसं तुमच्या घरी येतील, दोन तास थांबतील, आणि स्वयंपाकघरातली कपाटं, स्टोअररूम सगळं उघडून कुठल्या वस्तू वापरता त्याची यादी करतील! अनोळखी माणसं, दोन तास, आपली कपाटं. कोण हो म्हणेल? ज्या बायकांना ही मागणी थेट केली होती त्यांच्यातल्या 22 टक्के हो म्हणाल्या. पण आधी ते आठ प्रश्न ज्यांच्याशी झाले होते त्यांच्यातल्या जवळजवळ 53 टक्के तयार झाल्या. आणखी एका गटाला प्रश्नांची उत्तरं द्याल का एवढंच विचारलं होतं, त्या हो म्हणाल्या पण प्रश्न काही विचारलेच नाहीत, तिथे आकडा 33 टक्के. म्हणजे नुसतं हो म्हणण्यापेक्षा प्रत्यक्ष काहीतरी केलेलं असणं जास्त भारी पडलं. (प्रत्यक्षात कोणाच्याही घरी कोणी गेलं नाही, फक्त होकार मोजायचा होता.)

दुसरा प्रयोग मला जास्त आवडतो. यात लोकांना एका घराचा फोटो दाखवला, समोर 'गाडी जपून चालवा' अशा अर्थाचा भलामोठा बोर्ड, अक्षरं गचाळ, घराचा दर्शनी भाग बोर्डामागे झाकला गेलेला, आणि विचारलं की असा बोर्ड तुमच्या अंगणात लावू का? साहजिकच फक्त 17 टक्क्यांच्या आसपास लोक हो म्हणाले. पण ज्यांनी दोन आठवडे आधी जेमतेम तीन इंचांची 'सेफ ड्रायव्हर व्हा' अशी चिठ्ठी खिडकीत लावायला होकार दिला होता, त्या गटात आकडा गेला 76 टक्क्यांवर! त्याहून चकित करणारी गोष्ट पुढे आहे. काही जणांकडून आधी 'कॅलिफोर्निया सुंदर ठेवा' अशा अर्जावर नुसती सही घेतली होती, विषय वेगळा, काम वेगळं, नंतर बोर्डासाठी आलेला माणूसही वेगळा, तरी त्यांच्यातले निम्म्याच्या जवळपास तयार झाले.

जबरदस्ती कुठेच नव्हती, दारात पाय घातला नव्हता, ओळखीची भीड म्हणावी तर माणूसही नवा. मग बदललं काय? याचं जे स्पष्टीकरण सगळ्यात जास्त दिलं जातं ते डॅरिल बेम या सायकॉलॉजिस्टच्या विचाराशी जुळतं. आपण कसे आहोत हे आपल्याला आतून पक्कं माहीत असतंच असं नाही, पुष्कळदा आपण आपलंच वागणं बघून ते ठरवतो. सही केली म्हणजे मी समाजाच्या कामात पुढे येणारा माणूस आहे. एकदा ही समजूत बसली की पुढच्या वेळी नाही म्हणणं म्हणजे स्वतःलाच खोटं पाडल्यासारखं वाटतं. म्हणून हा वाक्प्रचार ऐकताना आपलं लक्ष घुसणाऱ्याच्या पायाकडे जातं, पण खरा बदल दाराच्या आत उभ्या असलेल्या माणसात होतो, आणि हे कळणं फार गरजेचं आहे, कारण फसगत झाल्यावर लोक म्हणतात की त्याने मला गुंडाळलं, तेव्हा आपण स्वतःला काय समजायला लागलो होतो ते बघायचं राहूनच जातं.

आता 76 चा आकडा बघून ही जादूची कांडी आहे असं मात्र समजू नका. नंतर असे कितीतरी प्रयोग झाले आणि सगळे एकत्र करून बघितल्यावर सरासरी परिणाम बराच लहान निघाला, काही वेळा तर काहीच नाही. पहिल्या छोट्या कामाचे पैसे दिले तर परिणाम कमी होतो, कारण मग मनात येतं की मी ते पैशासाठी केलं. आणि 1999 च्या एका प्रयोगात तर डाव उलटलाच. छोटी मागणी पूर्ण झाल्या झाल्या त्याच माणसाने लगेच मोठी मागणी केली, तर लोक आधी काहीच न मागितलेल्यांपेक्षाही कमी प्रमाणात हो म्हणाले. आत्ताच तर केलं ना तुझं काम, आता परत काय? तेच दोन दिवस थांबून विचारलं, किंवा दुसऱ्याच कोणीतरी विचारलं, की होकार परत वाढत होते.