खोगीर कोणत्या वयात? : पार्श्वभूमी

शिंगराला गर्दीची आणि गोंगाटाची सवय आधी घरीच लावावी आणि मगच त्याला शिक्षकाच्या हाती द्यावे, हा सल्ला एका ग्रीक स्वाराने सुमारे 2,400 वर्षांपूर्वी लिहून ठेवला आहे. जनावर दमवून, पाय बांधून नमवण्याची रीतही जगभर होतीच. पण आजचा मोठा वाद शिंगरावर कोणत्या वयात स्वार बसवावा याचा आहे, आणि त्याचे मूळ घोड्यांच्या शर्यतीत आहे.

18व्या शतकात इंग्लंडमध्ये पाच-सहा वर्षांचे घोडे चार-चार मैल पळत. 1780 साली डर्बी ही प्रसिद्ध शर्यत सुरू झाली ती तीन वर्षांच्या घोड्यांसाठी, आणि पहिली शर्यत एकाच मैलाची. त्याच सुमारास दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यतीही रुळल्या. 19व्या शतकात काही काळ एक वर्षाची शिंगरेसुद्धा पळवली गेली. घोडा लवकर पळाला की मालकाचा पैसा लवकर सुटतो, हेच त्यामागचे कारण.

त्यात वय मोजण्याची तारीख बदलली. जन्म केव्हाचाही असो, शर्यतीत सगळ्या घोड्यांचे वय एकाच ठरलेल्या तारखेपासून मोजतात; पूर्वी ती 1 मे होती. 1830च्या दशकात न्यूमार्केट या इंग्लंडमधल्या शर्यतींच्या केंद्राने 1 जानेवारी ठरवली आणि पुढे तीच रूढ झाली. भारतातही तीच आहे, ऑस्ट्रेलियात 1 ऑगस्ट. म्हणजे 1 जानेवारीच्या हिशेबाने मेअखेरीस जन्मलेले शिंगरू जेमतेम सात महिन्यांचे असताना कागदावर वर्षाचे होते आणि एकोणीस महिन्यांचे असताना दोन वर्षांचे. शर्यतीच्या घोड्याच्या पाठीवर स्वार तर त्याच्याही आधी बसलेला असतो. पुढच्या पायाच्या गुडघ्यावरची वाढीची कूर्चा (हाड जिथून वाढते तो मऊ थर) साधारण अडीच वर्षांच्या आसपास मिटते. पाठीच्या मणक्यांना पाच वर्षे किंवा अधिक लागतात, आणि स्वाराचे वजन येते ते नेमके मणक्यांवर.

दुसरी बाजूही पोकळ नाही. कोवळे हाड ताणानुसार घडते. गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत दिसून आले की थोड्या अंतराच्या वेगवान दौडी दिल्या, तर नडगीचे दुखणे कमी होते. तबेल्यात कोंडून वाढवलेले शिंगरू चार वर्षांनीही कच्चेच राहते. मात्र शर्यतीचे समर्थक ‘व्यायाम हवा’ म्हणता म्हणता ‘स्वार हवा’ असे सुचवतात, आणि ते मला पटत नाही. लांब दोरीवर, रिकाम्या खोगिरानेही व्यायाम होतो. आपले चाबूकस्वार, म्हणजे घोडे शिकवणारे, त्यालाच कावा देणे म्हणत.

घाई वयाचीच नव्हे, शिकवण्याचीही झाली. 1980 नंतर गोल रिंगणात अर्ध्या तासात घोडा तयार करण्याची प्रात्यक्षिके गाजली. घोडा माणसाला कळपाचा म्होरक्या मानून मागे येतो, असे सांगितले जाई. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी माणसाऐवजी रिमोटवर चालणारी छोटी गाडी वापरली, तर घोडे तिच्याही मागे आले. म्हणजे मागे येण्याचे कारण म्होरक्या नव्हे, तर पाठलागाचा दाब सुटण्याचा क्षण हे होते. त्यानंतर योग्य क्षणी दाब सोडणे या गोष्टीला महत्त्व आले आणि अर्ध्या तासाची घाई संशयास्पद ठरली.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जन्मतारखेचा कागद क्वचितच असतो. तिथे दात बघावेत. समोरचे मधले कायमचे दात साधारण अडीच वर्षांनी येतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. फक्त मधलेच मोठे दिसत असतील, तर विकणारा ‘चार वर्षांचा, स्वारीला तयार’ म्हणाला तरी त्यावर मोठ्या माणसाला बसवू नये.